नादारीचा अर्ज: कोर्टातल्या जुन्या नोंदी कशा शोधायच्या, कागद कसे जमवायचे आणि अर्ज कुठे करायचा

कर्ज हाताबाहेर गेलं की घरात जो शब्द निघतो तो "दिवाळखोरी". कोर्टात मात्र व्यक्तीच्या बाबतीत "नादारी" आणि "इन्सॉल्व्हन्सी" हेच शब्द जास्त चालतात. नोंदी शोधताना हे तिन्ही लक्षात ठेवा. एक घोटाळा आधीच टाळा. कोर्ट फी भरायची ऐपत नाही म्हणून फीमाफीत दावा लावणाऱ्यालाही "नादार" म्हणतात. शाळेतली नादारी तीच. त्या अर्जाचा कर्जातून सुटण्याशी काही संबंध नाही. कारकुनाला नुसतं "नादारीचं प्रकरण" म्हणाल, तर तो हमखास फीमाफीचं रजिस्टर पुढे करेल. "इन्सॉल्व्हन्सी पिटिशन" असं स्पष्ट म्हणा.

कुठलं कोर्ट?

सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, तिची चर्चा खूप झाली आणि आता प्रत्येकाने राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जायचं, असा समज पसरला. तसं नाही. या संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त एका गटाला: कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. बाकी सर्वांना, म्हणजे पगारदार, दुकानदार, शेतकरी, एकल मालकीचा व्यवसाय करणारे, मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेले, यांना इंग्रजांच्या काळातले दोन जुने कायदेच लागतात. ते रद्द करणारं संहितेचं कलम २४३ अमलात आलेलं नाही. तरीही अर्ज टाकण्याच्या आठवड्यात वकिलाकडून ताजी अधिसूचना तपासून घ्याच.

मुंबईत राहत असाल किंवा तिथे धंदा करत असाल, तर प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, १९०९ लागतो आणि अर्ज मुंबई उच्च न्यायालयात, ओरिजिनल साइडला, म्हणजे मूळ प्रकरणं चालतात त्या विभागात, होतो. पुणे, ठाणे, नाशिक, सांगली, नागपूर अशा उरलेल्या महाराष्ट्रात प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, १९२० लागतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. राज्य सरकार अधिसूचनेने खालच्या दिवाणी न्यायालयालाही हे अधिकार देऊ शकतं, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल तर आधी जिल्हा न्यायालयाच्या फायलिंग विभागात विचारून घ्या. जागा ठरते ती तुम्ही नेहमी राहता, धंदा करता किंवा पोटासाठी काम करता त्यावरून. पैशासाठी अटक झाली असेल, तर कोठडी जिथे आहे त्यावरून. गावचा पत्ता आधार कार्डावर आहे म्हणून कराडला अर्ज टाकला आणि दहा वर्षं राहणं पिंपरीत, असं झालं की पहिल्याच तारखेला हरकत येते.

आणखी एक इशारा. संहितेत "नव्याने सुरुवात" नावाची तरतूद आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत असेल तर सुटका. ती पुस्तकात आहे, अमलात नाही. तिच्या नावाने "फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

आधी नोंदी पाहा

नोंदी दोघांना लागतात. समोरचा माणूस नादार जाहीर झालाय का, हे पाहणाऱ्या धनकोला, म्हणजे ज्याचे पैसे येणं आहे त्याला. आणि स्वतः अर्ज करणाऱ्या ऋणकोला. ऋणकोने तर नोंदी पाहिल्याशिवाय अर्ज लिहायलाच बसू नये. आपल्याच जिल्ह्यातले चार-पाच निकाल वाचले की तिथलं कोर्ट कशावर अडतं, कुठला कागद मागतं, नोटिशीसाठी वर्तमानपत्राचा आग्रह धरतं का, हे कळतं. कुठल्याही छापील नमुन्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

व्यक्तिगत नादारांची अख्ख्या देशाची यादी एका जागी पाहायला मिळत नाही. शोध कोर्टनिहायच घ्यावा लागतो. सुरुवात ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या संकेतस्थळापासून करा. "केस स्टेटस"मध्ये राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडलं की शोधाचे बरेच मार्ग दिसतात. त्यातले दोन कामाचे.

पहिला पक्षकाराच्या नावाने. किमान तीन अक्षरं टाकावी लागतात, वर्ष भरावं लागतं, आणि प्रलंबित की निकाली हे निवडावं लागतं. दोन्ही निवडून बघा आणि मागची पाच-सात वर्षं एकेक करून पाहा. नाव इंग्रजीत नोंदलेलं असतं आणि स्पेलिंग टाइप करणाऱ्याच्या हातावर असतं. "वाघमारे"त सुरुवातीला व्ही असू शकतो किंवा डब्ल्यू. "चौधरी"त ओ-डब्ल्यू, ए-यू, काहीही. म्हणून पूर्ण नाव टाकायचंच नाही. आडनावाची पहिली चार अक्षरं टाका, यादी लांब आली तरी चालेल, आणि ती वडिलांच्या नावावरून चाळा. आडनाव आधी की शेवटी, यातही एकसारखेपणा नसतो, तेव्हा पहिल्या नावानेही एकदा शोधा.

दुसरा मार्ग कायद्याच्या नावाने. "ॲक्ट" या पर्यायात इन्सॉल्व्हन्सी हा शब्द टाकला की जुळणारे कायदे यादीत येतात. त्यातला १९२० चा निवडायचा. यामुळे त्या संकुलातली या कायद्याखाली नोंदलेली प्रकरणं एकदम समोर येतात. निकालांचा अभ्यास करायचा असेल तर हाच रस्ता.

प्रकरण उघडलं की १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक पहिल्यांदा टिपून घ्या. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे न्यायालयाचे, सहा आकडे प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. पुण्याचा क्रमांक एम-एच-पी-यू असा सुरू होतो. हा क्रमांक हाती असला की पुढे स्पेलिंगची झटापट करावी लागत नाही. खाली तारखांची यादी असते. प्रत्येक तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी काय झालं याची एक-दोन ओळींची नोंद उघडते. निकालाची प्रत अपलोड केलेली असेल, तर तिथेच मिळते. मुंबईच्या प्रकरणांसाठी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर जाऊन ओरिजिनल साइड निवडावी लागते. अपेलेट साइडवर, म्हणजे अपिलांच्या विभागात, शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

कॉम्प्युटर यायच्या आधीची प्रकरणं या यादीत सापडतीलच असं नाही. त्यासाठी अभिलेख कक्षात शोध अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जात प्रकरणाचं वर्ष, निदान अंदाजे दोन-तीन वर्षं, लिहावं लागतं. निकाली प्रकरणाचे कागद अ, ब, क, ड अशा गठ्ठ्यांत लावून ठेवलेले असतात आणि त्यातले काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. जुन्या प्रकरणात निकाल मिळाला पण त्यासोबतचे पुरावे नाहीत, असं होऊ शकतं.

पडद्यावरचा छापील कागद बँकेत किंवा दुसऱ्या कोर्टात चालत नाही. तिथे प्रमाणित नक्कल लागते. नक्कल अर्जात सीएनआर, प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावं आणि नेमकी निशाणी, म्हणजे त्या कागदाला कोर्टाने दिलेला क्रमांक, लिहा: मूळ अर्ज हवाय, निशाणीवरचा आदेश हवाय, की पूर्ण रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद. "सर्व कागद" असं लिहिलं तर पानं आणि फी दोन्ही वाढतात. प्रकरणाशी संबंध नसलेल्या त्रयस्थाने कारण लिहावं लागतं: "अर्जदाराकडे माझी येणी आहेत", "त्याच्याकडून जागा विकत घेत आहे" असं, आणि सोबत त्याचा कागद जोडला तर परवानगी अडत नाही. नक्कल हातात पडली की उलटून पाहा. मागे शिक्क्यात तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस वजा होतात, आणि ते याच शिक्क्यावरून सिद्ध होतात. ते पान फोटोकॉपीत वगळू नका.

१९२० च्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नादार जाहीर केल्याचा आदेश शासकीय राजपत्रात छापावा लागतो. त्यात नादाराचं नाव, पत्ता, वर्णन, आदेशाची तारीख, न्यायालय आणि मुक्ततेचा, म्हणजे कर्जातून शेवटच्या सुटकेचा, अर्ज किती दिवसांत करायचा हेही असतं. ई-कोर्ट्सवर नाव सापडलं नाही, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात एकदा शोधाच. कंपनीच्या जामीनदारांची गोष्ट वेगळी. त्यांच्या प्रकरणात भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, याच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना पाहायच्या आणि आदेश एनसीएलटीच्या संकेतस्थळावर. महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी खंडपीठ मुंबईचं.

अर्ज करावा की नाही

नादारी कशाला हात लावत नाही, ते आधी पाहा. घर किंवा गाडी तारण असेल, तर तारणावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. १९२० च्या कायद्याचं कलम २८(६) तो शाबूत ठेवतं. पुढेही नुसतं "कलम" म्हटलं की ते याच कायद्याचं. म्हणजे गृहकर्जाची जप्ती थांबवायला हा अर्ज कामाचा नाही. चेक परत गेल्याची फौजदारी केस कर्जवसुलीची नसते, ती चालूच राहते. सरकारचं देणं, फसवणूक करून घेतलेलं कर्ज आणि पोटगीचा आदेश यांतून शेवटच्या मुक्ततेनंतरही सुटका नाही. तुमचा जामीनदारही सुटत नाही. तुम्ही नादार झालात की पतसंस्था सरळ त्याच्या दारात जाते, हे त्याला आधीच सांगणं ही माणुसकीची किमान गोष्ट आहे.

फायदा मोठा होतो तो विनातारण कर्जांत: वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, व्यापारी उधारी, हातउसने पैसे, जामीन राहिल्याने अंगावर आलेली रक्कम.

किंमतही मोजावी लागते. नादार जाहीर होताच तुमची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा ती सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. मुंबईत ऑफिशियल असायनीकडे. मुक्ततेपर्यंत नव्याने मिळालेली मालमत्ता, उदाहरणार्थ मधल्या काळात वारसाने आलेली जमीन, तीही जाते. कंपनीचं संचालकपद धोक्यात येतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६४ मध्ये नुसता अर्ज प्रलंबित असणंही अपात्रतेत मोजलंय. भागीदारी असेल तर आदेशाच्या तारखेपासून तुम्ही भागीदार राहत नाही. आमदार-खासदारकी आणि स्थानिक संस्थांची पदं बंद होतात. सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांना कळवावं लागतं. आणि मुक्ततेपूर्वी ५० रुपये किंवा जास्त उधार घेताना "मी नादार आहे" हे सांगितलं नाही, तर तो गुन्हा आहे. रक्कम १९२० सालची आहे, पण कायदा आजही तोच आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मधली, जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी मात्र तुमच्या बाजूची: अंगावरचे कपडे, भांडीकुंडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, तो राहतो ते घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भागही जप्त होत नाही. बायकोचं स्त्रीधन नवऱ्याची मालमत्ता नाही, पण ते तिचं असल्याचा पुरावा, लग्नातली पावती किंवा याद्या, हाताशी ठेवा.

खाजगी सावकाराचं देणं असेल, तर त्याच्याकडे परवाना आहे का हे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नंतर बिनपरवाना सावकाराला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. अशा देण्यासाठी नादारीपेक्षा तिथली तक्रार आधी करावी.

अर्ज कोण करू शकतो? कलम १० प्रमाणे कर्ज फेडता येत नाही, हे तर हवंच. त्याशिवाय तीनपैकी एक: एकूण कर्ज निदान ५०० रुपयांचं आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक झालीय, किंवा मालमत्तेवर जप्ती चालू आहे. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या प्रकरणात, बेलिफ तुम्हाला पकडून न्यायालयापुढे नेईल, तेव्हा नादारीचा अर्ज करता येतो हे न्यायालयाने तुम्हाला सांगायलाच हवं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५५ तसं म्हणतं. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

अर्जात काय लिहायचं

कलम १३ मध्ये यादी दिली आहे. कर्ज फेडू शकत नसल्याचं विधान. राहण्याचा आणि धंद्याचा पत्ता. अटक किंवा जप्ती असेल तर कुठल्या न्यायालयाची, कुठल्या हुकूमनाम्याची. सर्व धनको, त्यांचे पत्ते आणि रकमा. सर्व मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे. सूट असलेल्या वस्तू सोडून बाकी सगळं न्यायालयाच्या हवाली करायची तयारी. हिशेबाची पुस्तकं मात्र सूट असलेल्या वस्तूंत धरत नाहीत. आधी कधी अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, हेही. खाली सही आणि दाव्याला करतात तसंच सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याची लेखी ग्वाही. वकीलपत्र, कोर्ट फी स्टॅम्प आणि यादीवरचं शपथपत्र सोबत.

यातल्या दोन याद्या, धनकोंची आणि मालमत्तेची, हाच अर्जाचा जीव. बाकीचा मजकूर वकील तासाभरात लिहील. या याद्यांना आठवडा द्या.

धनकोंची यादी अशी लिहू नका: "अमुक पतसंस्था, अंदाजे २ लाख". अशी लिहा: संस्थेचं नोंदलेलं नाव आणि शाखेचा पूर्ण पत्ता, कर्जखात्याचा क्रमांक, घेतल्याची तारीख आणि रक्कम, शेवटचा हप्ता कधी भरला, आजची बाकी, मुद्दल आणि व्याज वेगळं, तारण किंवा जामीनदार, आणि त्याबद्दल काही कारवाई चालू असेल तर तिचा क्रमांक. सहकारी संस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला असेल, तर त्या दाखल्याचा क्रमांक आणि तारीख. बँकांकडून खातेउतारा लेखी मागा आणि क्रेडिट रिपोर्ट काढा. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल, तर आजचा धनको कोण, हे त्यावरून सापडायला मदत होते. मेहुण्याकडून घेतलेले ४० हजार लाज वाटते म्हणून गाळू नका. गाळलेला एक धनको उद्या हजर झाला, की बाकीची यादीही खोटी असल्याचा संशय न्यायालयाला येतो. तीन वर्षांपेक्षा जुनं, मधे काहीही न भरलेलं देणं असेल, तर तेही लिहा, पण शेजारी "मुदतबाह्य, देय असल्याचं मान्य नाही" असा शेरा मारा.

मालमत्तेच्या यादीत सगळ्यात जास्त चूक होते ती गावच्या जमिनीत. वडील वारले, वारस नोंद झालेली नाही, सात-बारावर अजून आजोबांचं नाव आहे, म्हणून माणूस "शेतजमीन नाही" असं लिहून मोकळा होतो. सात-बारावर नाव नसलं तरी वारसाने हिस्सा आलेलाच असतो. धनकोचा वकील तलाठ्याकडून फेरफार काढतो आणि उलटतपासात तो कागद पुढे करतो. म्हणून सामाईक गटातला अंदाजे हिस्सा, भावांची नावं, गट नंबर आणि सरकारी दर लिहा. आठ-अ उतारा, घराचा मिळकत पत्रक उतारा, दुचाकी, मुदत ठेव, भिशीतली बाकी, लोकांकडून येणारी उधारी, सोनंतारण असलेले दागिने हे सगळं आलं पाहिजे.

आणि मागच्या दोन वर्षांचे व्यवहार. बायकोच्या नावे केलेलं बक्षीसपत्र, भावाच्या लाभात मोबदला न घेता केलेलं हक्कसोडपत्र, हे अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत झालं असेल तर कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. तीन महिन्यांच्या आत एकाच धनकोचं सगळं देणं भागवून बाकीच्यांना उपाशी ठेवलंत, तर ते कलम ५४ खाली. असे व्यवहार लपवू नका, तारखेसकट लिहा. लपवलेला व्यवहार सापडला, तर तो रद्द होतोच आणि वर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मदतीचा नंबर १५१००.

दाखल केल्यावर

दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. धनकोंना नोटिसा जातात. तीस धनको असतील तर तीस पाकिटं, तीस अर्जाच्या प्रती आणि तेवढी प्रोसेस फी. इथेच बरीच प्रकरणं पडतात: पत्ते अपुरे, नोटीस परत आली, फी भरली नाही, आणि रोजनाम्यात "अर्जदाराने तजवीज केली नाही" अशी ओळ दोन-तीनदा पडली की अर्ज काढून टाकला जातो. प्रत्येक तारखेनंतर ई-कोर्ट्सवर ती ओळ वाचा. वकिलाच्या फोनची वाट पाहू नका.

ऋणकोने स्वतः अर्ज केला असेल तर साधारणपणे अंतरिम रिसीव्हर नेमतात. त्याला हिशेबवह्या, उतारे, येण्या-देण्याच्या याद्या द्याव्या लागतात. दुकान असेल तर मालाची मोजणी होते. साक्ष देताना कर्ज फेडू शकत नाही, हे प्रथमदर्शनी दाखवलं तरी पुरतं. कलम २४ तसं सांगतं. पण कर्जाचे पैसे कुठे गेले, हा प्रश्न येणारच. दवाखान्याची बिलं, बुडालेल्या धंद्याची पुस्तकं, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा, जे असेल ते तारखेप्रमाणे लावून ठेवा.

अटकेचं भय असेल तर संरक्षणाचा स्वतंत्र अर्ज करा, कलम ३१ खाली. आदेश झाला की आपोआप अटक टळते, असं समजू नका. आणि आदेशाच्या प्रमाणित नकला जास्तीच्या घ्या, जिथे जिथे दावा किंवा दरखास्त चालू आहे तितक्या. त्या त्या न्यायालयात नक्कल दाखल करून स्थगिती मागावी लागते; एका न्यायालयाचा आदेश दुसऱ्याला आपणहून कळत नाही. आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस आहेत.

मुंबईत एक वेगळी गोष्ट असते: इन्सॉल्व्हन्सी नोटीस. हुकूमनामा असलेला धनको ती बजावतो आणि दिलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत, की तेच तुमच्याविरुद्ध नादारीचं कारण बनतं. अशी नोटीस घरात पडून राहू देऊ नका. ती रद्द करण्याचा अर्ज त्याच मुदतीत करावा लागतो. लवादाच्या निवाड्यावरून नोटीस आली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली परमजीत सिंग पाठेजा प्रकरणात अशा नोटिशीला आधार नाही असं ठरवलंय, हे वकिलाला आठवण करून द्या. स्वतः अर्ज केलेल्याला मुंबईत आदेशापासून ३० दिवसांत मालमत्ता-देण्यांचं परिशिष्ट द्यावं लागतं.

कंपनीच्या जामीनदाराने स्वतः अर्ज करायचा तर संहितेच्या कलम ९४ खाली, नमुना अ मध्ये, २,००० रुपये फी भरून, एनसीएलटीत. पुढे रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे हे प्रकरण हाताळायला नेमलेला व्यावसायिक, परतफेड आराखडा आणि धनकोंचं मतदान अशी वाट आहे. ती या कायद्यातल्या जाणकाराशिवाय चालू नये.

मुक्ततेचा अर्ज: इथे चुकू नका

नादार जाहीर होणं म्हणजे कर्ज माफ होणं नव्हे. आदेशाने फक्त वसुलीचे हात बांधले जातात आणि मालमत्ता रिसीव्हरकडे जाते. कर्जातून सुटका होते ती मुक्ततेच्या, डिस्चार्जच्या आदेशाने, आणि त्यासाठी तुम्हाला दुसरा अर्ज करावा लागतो. तो किती दिवसांत करायचा हे नादारीच्या आदेशातच लिहिलेलं असतं. लोक आदेश मिळाला की निश्चिंत होतात, आदेश कपाटात जातो, मुदत निघून जाते. मग कलम ४३ खाली नादारीच रद्द होते, सगळे धनको पुन्हा मोकळे होतात, आणि दुसरा अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. वर्षांची मेहनत एका न केलेल्या अर्जापायी जाते. आदेश हातात पडला त्याच दिवशी ती ओळ शोधा, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने मांडा आणि वकिलाकडून महिनाभर आधी मसुदा मागा. कारण रास्त असेल तर मुदत वाढवून मिळते. ती संपायच्या आत मागितली तर बरं.

मुक्ततेच्या वेळी न्यायालय कलम ४२ ची यादी समोर ठेवतं. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही वसूल होत नाहीत आणि तो दोष तुमचा; मागच्या तीन वर्षांत धंद्याची नेहमीची पुस्तकं ठेवली नाहीत; बुडालोय हे माहीत असून धंदा चालू ठेवला; फेडण्याची आशा नसताना कर्ज घेतलं; सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी केली. यातलं काही सिद्ध झालं, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. ती नाकारली जाते, लांबते किंवा पुढच्या कमाईतून ठरावीक रक्कम भरण्याची अट लागते. आठ आण्यांचा मुद्दा जवळपास प्रत्येक पगारदाराला लागू पडतो, म्हणून "माझा दोष नव्हता" याचे कागद, आजारपण, नोकरी गेल्याचं पत्र, लॉकडाऊनमध्ये बंद राहिलेलं दुकान, हे मूळ अर्जाच्या वेळीच जमवलेले असावेत. चार वर्षांनी दवाखान्याची फाइल सापडत नाही.

मधे धनकोंशी तडजोडही होऊ शकते. देणं सिद्ध केलेल्या आणि हजर असलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश यांनी मान्य केली आणि न्यायालयाला ती वाजवी वाटली, तर नादारी रद्द होऊन तडजोड लागू होते. नातेवाईक एकरकमी मदत करायला तयार असतील, तर ही वाट मुक्ततेपेक्षा लवकर संपते.

मुक्ततेचा आदेश मिळाला की त्याच्याही प्रमाणित नकला काढा. एकेक नक्कल प्रत्येक धनकोला रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावत्या जपा. दरखास्त थांबलेली असेल तिथे ती निकाली काढण्याचा अर्ज द्या. सात-बारावर किंवा मिळकत पत्रकावर इतर हक्कात जप्तीची नोंद असेल, तर ती कमी करण्यासाठी तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात नक्कल जोडून अर्ज करा. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. कर्ज अजून चालू थकबाकी म्हणून दिसत असेल, तर आदेशाची प्रत जोडून बँकेकडे आणि क्रेडिट कंपनीकडे दुरुस्ती मागा; ३० दिवसांत तक्रार मिटली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.